पाचटाला नत्राची जोड: खोडव्याच्या रानात कर्ब-नत्राचं चक्र कसं चालवायचं

ऊस तुटला, शेवटची गाडी कारखान्याकडे गेली की रानात गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, उरतं. संध्याकाळी कुणीतरी काडी लावतं आणि अर्ध्या तासात रान मोकळं होतं. सरीला पाणी सरळ पळतं, उंदीर-सापांची भीती जाते, मशागतीला अडथळा उरत नाही. जाळणाऱ्याकडे कारणं नसतात असं मी म्हणणार नाही. पण त्या अर्ध्या तासात रानातून काय गेलं, ते एकदा कागदावर मांडून पाहा.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. एकरी साडेतीन टन धरू. त्यात साधारण ४० टक्के कर्ब (कार्बन) असतो, म्हणजे १४०० किलो. नत्र (नायट्रोजन) ०.४५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे १६ किलो. पालाश (पोटॅश) ३० किलोच्या घरात. जाळल्यावर स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश बऱ्याच अंशी राखेत उरतात. कर्ब आणि नत्र मात्र जवळजवळ सगळे धुरावाटे जातात. १६ किलो नत्र म्हणजे ३४ किलो युरिया. आणि १४०० किलो कर्ब कुठल्याच दुकानात पोत्यात मिळत नाही.

पाचट ठेवायचं ठरवलं तरी नुसतं ठेवून भागत नाही. पहिल्या वर्षी आम्ही तेच केलं. पाचट सरीत लोटलं, पाणी सोडलं आणि स्वस्थ बसलो. दोन महिन्यांनी खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडला, शेजारचा जाळलेला फड हिरवागार. पाचटाने वाटोळं केलं असं घरात सगळ्यांचं मत झालं. खरं तर जमिनीतले जिवाणू उपाशी होते आणि त्यांनी उसाच्या ताटातलं नत्र उचललं होतं. हे कसं घडतं ते कळलं की पुढची सगळी कामं आपोआप सुचतात, म्हणून आधी थोडं चक्राबद्दल.

कर्ब येतो कुठून, जातो कुठे

उसाच्या पानातला कर्ब मातीतून आलेला नसतो. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये आज हा वायू ४२० हून थोडा जास्त आहे. कारखानदारीचं युग सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता. पान उन्हाच्या जोरावर तो पकडतं, त्याची साखर करतं, साखरेचं काष्ठ करतं. पान वाळून खाली पडलं की बुरशी आणि जिवाणू ते खायला घेतात. खाताना ते आपल्यासारखाच श्वास सोडतात, आणि कर्ब पुन्हा हवेत जातो. जाळण्यातही कर्ब हवेतच जातो. फरक एवढाच की कुजताना त्या ऊर्जेवर जमिनीतले कोट्यवधी जीव जगतात, आणि त्यांच्या शरीरांचा काही भाग माती धरून ठेवते.

नत्राची गोष्ट उलटी आहे. हवेत ते ७८ टक्के आहे, पण त्याच्या दोन अणूंची जोडी इतकी घट्ट की उसाला त्यातला कणही घेता येत नाही. ही जोडी फोडायला अलिबागजवळच्या थळसारख्या खत कारखान्यांत नैसर्गिक वायू जाळावा लागतो आणि शेकडो अंश तापमान व प्रचंड दाब लागतो. फ्रिट्झ हाबरने १९०९ साली ही क्रिया करून दाखवली, कार्ल बॉशने १९१३ पर्यंत ती कारखान्यात उतरवली. तेच काम सोयाबीनच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ रानातल्या तापमानाला करते.

आता दोघांची गाठ कुठे पडते ते पाहू. जिवाणूच्या शरीरात साधारण ८ भाग कर्बाला १ भाग नत्र असतं. पण ८ भाग कर्ब शरीरात घालायचा तर त्याला २४ भाग खावा लागतो. उरलेले १६ श्वासात जातात. म्हणून ज्या खाद्यात २४ ला १ असं कर्ब-नत्र गुणोत्तर आहे, ते त्याला नेमकं पुरतं. पाचटात हे गुणोत्तर ८५-९० ला १, कधी १०० च्याही वर. म्हणजे भाकरी ढीगभर आणि कालवण चमचाभर. कमी पडलेलं नत्र जिवाणू मातीतून घेतात, आणि त्या स्पर्धेत मुळं नेहमी हरतात.

या लेखाचा गाभा एवढाच आहे: नत्र सोबत नसेल तर कर्ब जमिनीत टिकत नाही, आणि कर्ब सोबत नसेल तर नत्र रानात थांबत नाही.

पायरी पहिली: घरात-रानात काय आहे ते ओळखा

वाळलेलं, पिवळं-तपकिरी, कडक ते कर्बाचं. हिरवं, ओलं, लवकर वास मारणारं ते नत्राचं. एवढी ओळख निम्मं काम करते. कर्ब-नत्र गुणोत्तर पाहिलं तर पाचट आणि गव्हाचं काड ८० ते १०० च्या आसपास. लाकडाचा भुसा कित्येकशे, म्हणून तो रानात कधीही कच्चा टाकू नये. शेण २० ते २५. कोवळा ताग किंवा धैंचा त्याच्याच आसपास किंवा कमी. कोंबडी खत १० च्या जवळ. शेंगदाणा पेंड त्याहूनही खाली, म्हणजे ती जवळजवळ खतच. ताग जुना झाला, दांडा चिवट झाला की त्याचं गुणोत्तर वाढत जातं. वनस्पती तीच, पण महिन्याभराने तिचा स्वभाव बदलतो.

पायरी दुसरी: तोडणीपासून पहिल्या पाण्यापर्यंत

सगळं यश या आठवड्यात ठरतं. इथे घाई करा, पण क्रम चुकवू नका.

तोडणीच्या वेळीच उभं राहून ऊस जमिनीलगत तोडून घ्या. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) जनावरांना गेले तरी चालतील. पाचट मात्र रानातच राहू द्या. त्याचे ढीग राहिले असतील तर ते पसरून घ्या. पट्टा पद्धतीची लागण असेल तर पाचट पट्ट्यात लोटता येतं; साध्या सरीत सगळ्या सऱ्यांत सारखं पसरा. पाणी मुरायला अडचण येत असेल तर सरीआड सरी ठेवा. जिथे पाचट बुडख्यांवर पडलंय तिथून ते बाजूला सारा. फुटवा उजेडात यायला हवा. वर राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीबरोबर छाटा, म्हणजे कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून निघतात आणि त्यांची मुळं स्वतंत्र होतात.

मग नत्राची जोड. शिफारस आहे ती पाचटाच्या दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. एकरी हिशोबाने ३० किलोच्या आसपास युरिया, ३५ ते ४० किलो सुपर आणि साडेतीन-चार किलो संवर्धन. युरिया आणि सुपर टाकण्याच्या वेळी एकत्र करून पाचटावर फेकता येतं. संवर्धन त्यात मिसळू नका. ते चाळलेल्या शेणखतात कालवून वेगळं पसरा, शक्यतो संध्याकाळी.

सुपर कशासाठी, असं कुणी विचारतं. जिवाणूंना नत्राइतकी नाही तरी स्फुरदाची गरज असतेच, आणि पाचटात ते फारच थोडं असतं.

युरिया टाकला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाणी द्या. हे मी जोर देऊन सांगतो. पाचटावर युरियाचा अमोनिया करणारी विकरं (एन्झाइम) भरपूर असतात. युरिया कोरड्या पाचटावर दोन-चार दिवस उन्हात राहिला तर त्यातलं बरंचसं नत्र वाऱ्यावर जातं, आणि आपल्या काळ्या, अल्कधर्मी जमिनीत हे नुकसान आणखी वाढतं. पाण्याने तो विरघळून खाली मातीपर्यंत गेला की तिथे पकडला जातो. पाणी दिल्यावर, वाफसा यायच्या आधी, ओल्या पाचटावरून माणसं चालवा. पाय पडून ते मातीला चिकटतं. मातीला लागलेलं पाचट कुजतं. वर अधांतरी राहिलेलं महिनोन्महिने वाळत पडतं.

इथे एक शंका रास्त आहे. १४०० किलो कर्बाला २४ ने भागलं तर ५८ किलो नत्र लागेल. पाचटातलं १६ आणि युरियातलं १४-१५ मिळून ३० च भरतं. बाकीचं? ते एकदम लागत नाही. जिवाणू पाचट चार महिन्यांत थोडंथोडं खातात. आज जन्मलेला जिवाणू काही दिवसांनी मरतो आणि त्याच्या अंगातलं नत्र दुसऱ्याला मिळतं. तेच नत्र फिरत राहतं, कर्ब मात्र प्रत्येक फेरीत श्वासावाटे कमी होत जातो, म्हणून गुणोत्तर आपसूक खाली येतं. शिवाय पाचट जमिनीवर असतं, मातीत कालवलेलं नसतं. त्यामुळे त्याची ओढ हळूहळू बसते. युरिया हा सुरुवातीचा धक्का आहे. याच कारणासाठी पाचट नांगरून गाडायची घाई करू नये. गाडलं की सगळीकडून मातीला लागतं आणि नत्राची ओढ एकदम सुरू होते.

पायरी तिसरी: पिवळेपणाचे दिवस ओळखा

पाणी मिळत राहिलं तर पाचट साडेतीन ते चार महिन्यांत कुजतं. पहिले सहा ते आठ आठवडे जिवाणू आणि ऊस यांच्यात ओढाताण असते. या काळात खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर ते नत्राचं लक्षण. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर तो बहुधा लोहाचा प्रश्न आहे. तिथे युरिया ओतून काही होणार नाही. दोन्हींत गल्लत होते आणि पैसे वाया जातात.

पिकाचं स्वतःचं खत पाचटावर फेकू नका, नाहीतर ते जिवाणूच खातील. पहारीने द्या. बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडायचं, दोन भोकांत एक फुटाचं अंतर ठेवायचं, खत टाकून मातीने झाकायचं. पहिला हप्ता खोडवा ठेवल्यापासून १५ दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूने, दुसरा १३० ते १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूने. पहारीची पद्धत मजुरीमुळे महाग वाटते. पण पाचटाच्या थराखाली, मुळाच्या तोंडाशी, हवा आणि ऊन टाळून खत पोहोचवायची दुसरी स्वस्त वाट मला माहीत नाही. ठिबक असेल तर प्रश्नच मिटला, विरघळणारं खत हप्त्याहप्त्याने सोडता येतं.

पायरी चौथी: नत्र गळू देऊ नका

जमिनीतला अमोनियम दोन प्रकारचे जिवाणू दोन टप्प्यांत नायट्रेट करतात. नायट्रेट पिकाला आवडतं, पण मातीच्या कणांना ते चिकटत नाही. सरी भरून वाहीपर्यंत पाणी दिलं की ते मुळांच्या खाली निघून जातं आणि शेवटी विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं असं भारतीय मानक सांगतं. तान्ह्या मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. वस्तीवरचं पाणी त्याच विहिरीचं असेल तर एकदा तपासून घ्या.

आणि पाणी साचून राहिलं तर हवा संपते. मग दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र पुन्हा वायू होऊन उडतं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळजवळ २७३ पट उष्णता धरतो. उपाय साधे आहेत: पाणी कमी आणि वेळेवर, खत थोडं आणि हप्त्याने, चिबड जागेत चर.

पायरी पाचवी: हवेतलं नत्र रानात उतरवा

खोडवा निघाल्यावर पुढच्या लागणीआधी ताग किंवा धैंचा घ्या. पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत, फुलकळी दिसू लागताच गाडा. शेंगा धरेपर्यंत थांबलात तर दांडा काष्ठ होतो आणि पुन्हा पाचटाचीच गोष्ट सुरू होते. कोवळ्या तागातलं नत्र गाडल्यावर काही आठवड्यांत मोकळं होऊ लागतं, म्हणून गाडल्यापासून लागणीपर्यंत फार रिकामा काळ ठेवू नका. नाहीतर पावसाबरोबर तेही खाली जाईल.

सोयाबीन, हरभरा, तूर, भुईमूग यांच्या बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) लावताना प्रत्येक पिकाचं संवर्धन वेगळं असतं हे विसरू नका. हरभऱ्याचं पाकीट सोयाबीनला चालत नाही. २५० ग्रॅमचं एक पाकीट १० ते १५ किलो बियाण्याला पुरतं. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, संवर्धन सगळ्यात शेवटी.

मग चाळीस दिवसांनी दोन-तीन झाडं खुरप्याने, मातीसकट, अलगद उकरा. उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. गाठ नखाने कापा. आतून गुलाबी-लाल दिसली तर ती काम करतेय. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे. नत्र फोडणारं विकर मोकळ्या ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून ही गाठ ऑक्सिजन त्या रंगद्रव्याला बांधून मोजूनमापून पुरवते. पांढरी किंवा हिरवट गाठ म्हणजे काम सुरू नाही किंवा संपलं. मातीत आधीच भरपूर युरिया असेल तर झाड गाठी पोसतच नाही; बाहेर आयतं मिळतंय तर ते जिवाणूंना साखर कशाला देईल?

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. ‘सोयाबीन घेतलं म्हणजे जमीन सुधारली’ असं सर्रास बोललं जातं. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्के प्रथिनं असतात, आणि प्रथिनांच्या सव्वासहा भागांत एक भाग नत्र असतं. म्हणजे १० क्विंटल दाणे बाजारात गेले की त्यांच्याबरोबर ६४ किलो नत्र रानाबाहेर गेलं. झाडाने हवेतून आणलेलं बहुतेक सगळं त्यातच जातं. वरून भुसकटही विकलं किंवा बांधावर पेटवलं तर जमीन तोट्यात. सोयाबीनचा फायदा जमिनीला द्यायचा असेल तर गळलेली पानं आणि भुसकट रानात राहिलं पाहिजे.

पायरी सहावी: गोठ्यातलं नत्र

जनावर चारा खातं तेव्हा नत्राचा मोठा भाग शेणात नव्हे, गोमूत्रात येतो. शेण आपण गोळा करतो आणि मूत्र जमिनीत जिरू देतो. गोठ्यात पाचटाचा बिछाना टाका. कर्बाचं कोरडं पाचट नत्राचं मूत्र शोषून घेतं आणि तिथेच जोडी जमते. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिचा मोठा आधार हाच होता: मूत्र जिरलेली माती आणि जनावरांखालचा बिछाना.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची कंपोस्टची टाकी तर आपल्या घरची. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं. १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण आणि १७५० किलो चाळलेली माती. एवढ्या मातीचं काय काम, असं पहिल्यांदा वाटतं. ती उडू पाहणारा अमोनिया धरते आणि ओल टिकवते, म्हणून थोड्या शेणात एवढा कचरा तीन-चार महिन्यांत खत होतो. थर भरताना शेणकाला आणि पाणी शिंपडायचं, वर मातीचा लेप. लेपाला तडा गेला की लगेच बुजवायचा.

ढीग साधा असला तरी नाक आणि हात पुरतात. अमोनियाचा झणका आला तर नत्र जास्त, पाचट घाला. आंबूस, गटारासारखा वास आला तर हवा कमी, उलथा. वास नाही, ऊब नाही, काही घडत नाही तर ओल किंवा नत्र कमी. मूठभर माल घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये.

गोबरगॅस असेल तर त्याला जपा. तिथे शेणातला काही कर्ब मिथेन होऊन चुलीत जळतो आणि नत्र बहुतेक सगळं रबडीत, म्हणजे गॅस निघाल्यावर उरलेल्या पातळ शेणात, राहतं. गोवरी जाळली की दोन्ही जातात. रबडी उघड्यावर वाळवू नका, पाचटावर ओता.

पायरी सातवी: चक्र फिरतंय का ते पाहा

जुन्या सुती धोतराचे दोन सारखे तुकडे घ्या. सुती कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ कर्ब. एक पाचट ठेवलेल्या रानात, एक जाळलेल्या रानात, वीतभर खोल पुरा आणि खूण करा. ओल दोन्हीकडे सारखी ठेवा. दोन महिन्यांनी काढून उजेडासमोर धरा. जिथे जिवाणू भरपूर आणि त्यांना नत्रही मिळतंय, तिथे हातात नुसत्या चिंध्या येतील.

मुलांना दाखवायला आणखी एक. खायचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची नितळ निवळी घ्या. काचेच्या बरणीत रानातली ओलसर माती, त्यात निवळीची छोटी वाटी, झाकण घट्ट. दुसऱ्या बरणीत माती नको, फक्त वाटी. एक-दोन दिवसांत मातीच्या बरणीतली निवळी पांढुरकी होते, वर साय धरते. तो जमिनीचा श्वास.

आणि माती परीक्षण. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल तर जमीन गरीब समजली जाते. तो वाढायला वेळ लागतो, आणि तो का लागतो हे कळलं तर धीर सुटत नाही. एकरभर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे ९ लाख किलो भरतो. ०.१ टक्का वाढ म्हणजे ९०० किलो कर्ब. पाचटातल्या १४०० किलोतला पाचवा हिस्सा वर्षभराने उरला असं धरलं तरी २८० किलो, आणि आपल्याकडच्या उष्णतेत जुनाही कर्ब झिजत असतो. शिवाय जमिनीतल्या मुरलेल्या कर्बाचं नत्राशी गुणोत्तर ११-१२ ला १ असतं, म्हणजे ९०० किलो कर्ब जमिनीत बसवायला ८० किलोच्या आसपास नत्र त्याच्याबरोबर बसावं लागतं. नुसतं पाचट वाढवून हे आकडे हलत नाहीत. ताग, गोठा आणि रबडी त्याच्या जोडीला लागतात.

नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, खत टाकायच्या आधी घ्या. न कुजलेलं पाचट बाजूला सारा, बांध आणि झाडाखालची जागा सोडा, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या. सगळी माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा आणि सावलीत वाळवून पिशवीत भरा. पिशवीवर तारीख, गट नंबर आणि ‘पाचट ठेवलेलं, वर्ष दुसरं’ असं स्पष्ट लिहा.